नमुने दुसऱ्यांदा मागायला गेलेल्या मालतीबाई

चंद्रपूरच्या महाविद्यालयात डॉ. मालतीबाईंकडे संशोधनासाठी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी माझे गुण विचारलेच नाहीत. "लोकांकडे शौचाचा नमुना मागायची लाज वाटेल का?" एवढेच विचारले. मी गडचांदूरची. "नाई वाटत," म्हणाले. बाई हसल्या आणि मी त्यांची विद्यार्थिनी झाले.

बाईंचा विषय अवघड, पण कुणाच्याही अंगणात बसून त्या तो सोपा करून सांगत. आपल्या पेशी आरएनएचे अगदी लहान तुकडे तयार करतात. कोणत्या जनुकाने किती काम करायचे, यावर त्यांचा ताबा असतो. त्यांतले काही आतड्यातल्या जिवाणूंच्या वाढीवर परिणाम करतात आणि जिवाणूही या तुकड्यांचे प्रमाण कमीजास्त करतात. ही देवाणघेवाण बिघडली, तर आतड्याला सूज येण्यासारखे त्रास होऊ शकतात. आपल्या भागातल्या माणसांच्या पोटात ती कशी चालते, हे बाईंना पाहायचे होते.

मार्कंड्याजवळच्या एका गावात आम्ही धान पिकवणाऱ्या आणि वैनगंगेत मासेमारी करणाऱ्या घरांतून नमुने घेतले. मासेमारांचे नमुने घेऊन मी परतत असताना एसटी बंद पडली आणि पेटीतला बर्फ पार वितळला. मी कुणाला काही बोलले नाही. पुढे निकाल आले, तर मासेमारांच्या नमुन्यांत हे तुकडे फारच कमी. बाई हरखल्या. शोधनिबंध लिहून झाला. तो पाठवायच्या आदल्या दिवशी मात्र मला राहवेना. मी त्यांच्यापुढे उभी राहून सगळे सांगितले. उष्णतेने आरएनए नासतो. फरक पोटातला नव्हता, माझ्या पेटीतला होता.

बाईंनी मला आधी बसायला सांगितले. मग म्हणाल्या, "त्याच दिवशी सांगायला हवं होतंस. पण तू मला घाबरलीस, ही माझीही चूक."

आठवड्याभरात त्या स्वतः गावात आल्या. "चूक आमच्याकडून झाली," असे हात जोडून म्हणाल्या. माझे नाव त्यांनी घेतले नाही.

मासे विकणाऱ्या सीताबाईंनी विचारले, "काऊन बाई, पयले देल्लं ते खराब झालं का?"

"हो, झालं."

"मंग घ्या आनखी. आमाले का, रोजचंच हाय."

सगळे हसले. कितीतरी दिवसांनी मीही हसले.

नव्या नमुन्यांत दोन्हीकडे फरक जवळजवळ नव्हताच. तेवढेच लिहिलेला साधासा निबंध छापून आला. त्यावर बाईंनी माझे नाव पहिले घातले. मग निकाल सांगायला त्या पुन्हा गावात गेल्या. "या बाबतीत तुमच्यात आणि धानवाल्यांत वेगळं काही सापडलं नाही," त्या म्हणाल्या. "मंग बरंच हाय ना," सीताबाई उत्तरल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

आता मी स्वतः शिकवते. चूक सांगायला आलेल्या मुलांना आधी बसायला सांगते. ही रीत बाईंची.

बाईंनी साठी पूर्ण केली, त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे; तरी त्यांचे गावोगाव जाणे थांबलेले नाही. त्यांचे गुडघे, डोळे आणि भूक अशीच शाबूत राहोत आणि त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथातही आम्हाला लिहायला मिळो.