फोटो नसलेली मुलगी

चित्रकलेच्या डिप्लोमाला असताना माझ्या पोर्ट्रेटमध्ये नाक-डोळे जागच्या जागी असायचे, फक्त माणूस नसायचा. सर म्हणायचे, "मोजलंस छान. बघितलं नाहीस."

शाळेपासूनची माझी एक मैत्रीण निर्मळ गावची. तिची मोठी बहीण नवव्या वर्षी तापाने गेली होती आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. एकदा मैत्रिणीच्या आईने मला थांबवून घेतलं. "तू चेहरे काढतेस ना, बाय? माझी पोर काढून दे."

मैत्रीण थोडीफार बहिणीसारखी दिसायची, म्हणून तिलाच समोर बसवायचं ठरलं. दर रविवारी मी मनवेलपाड्याच्या माझ्या घरून त्यांच्याकडे जायची. मैत्रीण ओटीवर बसायची, मी काढायची आणि काकू मागून सांगायच्या, "कपाळ एवढं नव्हतं." "ही कोनाची हनुवटी?" खोडून खोडून कागद फाटायचा. पाचव्या रविवारी त्या म्हणाल्या, "डावी पापनी जरा खाली. झोप आल्यासारखी."

मी रेघ खाली ओढली. मागून आवाज येईना. वळून पाहिलं तर काकूंनी पदर तोंडात धरला होता.

"आली," त्या म्हणाल्या.

माझ्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगते, आनंदही झाला. माझ्या हातून पहिल्यांदाच माणूस उतरला होता.

पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा बोलावलं. "आता दहाची कर." मग अकराची, बाराची. मी गाल उतरवले, मान लांबवली. हात सुधारत गेला. कॉलेजच्या प्रदर्शनात माझी पोर्ट्रेट लागू लागली.

चौथ्या वर्षी, काकू चहा ठेवायला आत गेल्यावर, मैत्रीण हळूच म्हणाली, "आई माझ्याकडे बघते ना, तेव्हा तिलाच शोधत असते. तू पण."

घरी येऊन सगळी स्केचेस जमिनीवर मांडली. चार वर्षं ती माझ्यासमोर बसली होती. तिचं एकही नव्हतं.

पुढच्या रविवारी म्हटलं, "काकू, आज मी हिलाच काढते."

"काढ की," म्हणून त्या केळीच्या वाडीत निघून गेल्या.

मैत्रीण केस विंचरून बसली. संध्याकाळपर्यंत मी सात कागद संपवले. सातही कागदांवर ओटीवर बसली होती ती तिची बहीणच. मैत्रीण उठून माझ्या मागे आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"राहू दे," ती म्हणाली. "हात दुखेल तुझा."

तेराव्या वर्षाची मुलगी मी काकूंना कधी काढून दिली नाही. मैत्रीण लग्न होऊन गोखिवऱ्याला गेली. बाजारात भेटते, थांबून बोलते. मी तिच्या पिशवीतल्या भाजीकडे बघत उत्तरं देते.