केशवची बॅग, माझा खांदा

‘प्रॉक्झिमल ह्यूमरस फ्रॅक्चर,’ मुरबाडचे डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले. म्हणजे दंडाचं हाड खांद्यापाशी मोडलेलं. ‘सरकलंय. ऑपरेशन लागेल. इतके दिवस कुठे होतात?’

हाडवैद्याकडे होते, हे मी खालमानेने सांगितलं.

लेकीचं बाळंतपण उरकून मी दुबईहून परतत होते. विमानात काम करणाऱ्या मुलीने डोक्यावरचा सामानाचा कप्पा उघडला आणि जडशीळ बॅग माझ्या खांद्यावर आदळली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ‘लागलं का?’ तिने विचारलं. बॅग केशवची होती. हा वैशाखरे गावचा, माझ्या बहिणीच्या सासरचा. मघाशीच गप्पांत ओळख निघालेली. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मी म्हटलं, ‘काय नाय, बरी हाय मी.’ आपल्या माणसाला कशाला अडकवायचं?

धसईला घरी आले. वैद्याने पाला लावून बांबूच्या कामट्या बांधल्या, पट्टी सोडायची नाही म्हणून बजावलं. मीही अशी सोशिक, की बोटं बधिर झाली तेव्हा कुठे मुलाला बोलले.

ऑपरेशन झालं, आत प्लेट बसवली. विमानात इजा झाली तर जबाबदारी कंपनीची असते, हे मुलाने शोधून काढलं आणि तिकडे कळवलं. उत्तर आलं: बाईंनी तेव्हा काही लागलं नाही असं सांगितलं होतं, हाड नंतर घरी मोडलं असेल. शेजारणीही विचारू लागल्या, ‘खरं सांग गो, पडलीस कुठं?’ ते खांद्याहून जास्त दुखलं.

मुलगा म्हणाला, केशवला साक्ष द्यायला सांग. मी ऐकेना. त्याच्यावरच आळ आला तर बहिणीने सासरी तोंड कसं दाखवायचं?

शेवटी बहिणीकडून कळल्यावर केशव आपणहून आला. गळ्यात अडकवलेला माझा हात बघून मटकन खाली बसला.

‘मावशी, बॅग माजी, पण कप्पा तिनं उघडला. मी समोर व्हतो. तुमी गप का राह्यल्या?’

‘तुज्यासाठी रे.’

‘मला इचारायचं तरी!’ तो चांगलाच चिडला. तिथेच बसून त्याने कंपनीला सगळं लिहून पाठवलं.

इजा आपल्याच विमानात झाली, हे कंपनीने मान्य केलं. उपचारांचा भारही उचलला. पत्र वाचून मला रडू आवरेना.

हात अजून कानाच्या वर जात नाही; व्यायाम चालू आहे. तुमच्यावर असा प्रसंग आला तर दुखतंय हे विमानातच सांगा, नोंद करायला लावा, आणि आधी एक्स-रे काढा. केशवला वाचवायला मी गप्प बसले होते. तो मात्र माझ्यासाठी बोलायला पहिल्यापासून तयार होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.