आत्याच्या कॅसेटमधलं भांडण

कमळाआत्याला पहिल्यांदा गाताना ऐकणारा माणूस हळूच विचारायचा, "कुणाशी भांडतायत?" गळा चांगला होता, पण गोड गायचं तिच्या जिवावर यायचं. "रडून गायचं न्हाय, वरडून गायचं," हे तिचं ठरलेलं वाक्य.

लग्नाआधी तिने बारामतीच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा सिंथेसायझर लासुर्ण्याला घरी आणला. खिडक्यांना गोधड्या लावल्या, टेपरेकॉर्डर पाटावर ठेवला आणि एकटीने अख्खी कॅसेट भरली. खाली यंत्राचा ठोका, वर तिचा दणदणीत आवाज. एक गाणं अंगाला टोचणाऱ्या उसाच्या पाचटावर, एक तिला बघायला येणाऱ्या पाहुण्यांवर. नातेवाइकांना कॅसेटी वाटल्या, तर बहुतेकांनी त्यांवर भजनं भरून घेतली. "बरं झालं, कामाला तरी आली," म्हणत ती हसायची.

शेवटच्या गाण्यात आमचे आजोबा, म्हणजे तिचे आप्पा, आहेत. घरामागच्या विहिरीवरची मोटार त्यांनी चालू केली, व्होल्टेज पडलं आणि सिंथेसायझरचा सूर घसरला. आत्या गाता गाताच ओरडते, "आप्पा, मोटार बंद करा की!" बाहेरून आप्पा कडाडतात, "ऊस वाळतोय, तू बंद कर!" ती उत्तर देणार तोच लाइट गेली. कॅसेट तिथेच संपते.

आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा आवाज आमच्याकडे एवढाच उरलाय.

गेल्या वर्षी मी ती गाणी इंटरनेटवर टाकली आणि पुण्याहून ईशा नावाची मुलगी घरी आली. विसरलेलं संगीत रेकॉर्डवर पुन्हा काढणारी तिची छोटी कंपनी आहे. "आत्या, हे अस्सल पोस्ट-पंक आहे, परदेशातलं खडबडीत, बंडखोर संगीत असतं ना, तसं!" ती म्हणाली.

"असंल बाई," म्हणत आत्याने चहा टाकला.

पुढच्या खेपेला ईशाने साफ केलेली गाणी ऐकवली. सूर सरळ झाला होता, मोटार गेली होती, आप्पाही गेले होते. आत्याचा चेहरा उतरला.

"तो गोंगाट होता, आत्या. लोकांना वाटेल, रेकॉर्डच बिघडलीय," ईशा म्हणाली.

"वाटू द्या. गाणं कुठं हुतं ते? आमचं भांडण हुतं, मी त्याला चाल लावली. आप्पास्नी काढायचं असंल तर मलाबी काढा."

ईशाने खूप समजावलं. पण आत्या एकदा 'न्हाय' म्हणाली की विषय संपला. शेवटी मोटारीसकट सगळं परत आलं.

रेकॉर्ड घेऊन ईशा आली, सोबत प्लेअरही. अंगणात सगळी आळी जमली. पाहुण्यांच्या गाण्याला टाळ्या पडल्या, म्हाताऱ्या बायका तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग शेवटचं गाणं लागलं. सूर घसरला आणि स्पीकरमधून आप्पा कडाडले, "ऊस वाळतोय, तू बंद कर!"

आत्याने डोळे पुसले, पदर खोचला आणि ताडकन उठून रेकॉर्डकडे बोट रोखून ओरडली, "न्हाय करत, जावा!"