बाकीच्या दोन सह्या

कंपनीत त्याला सगळे लालपेन म्हणत. त्याला त्याचं वाईट वाटत नसे, कारण पेन खरंच लाल होतं आणि एकोणीस वर्षं त्याने दुसरं काही हातात धरलंच नव्हतं. इमारतीचे नकाशे दुसरे काढत, कॉलम किती जाड आणि बीममध्ये सळ्या किती हे दुसरे ठरवत, आणि हा पठ्ठ्या त्यातल्या चुका काढत बसे. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात तीन चौकटी असत: काढले, तपासले, मंजूर. मधली चौकट याची. काही बिनसलंच तर अलीकडे एक सही होती, पलीकडे एक होती, आणि मध्ये हा उबेत होता.

अशा माणसाने एके दिवशी राजीनामा देऊन स्वतःचं ऑफिस थाटावं याचं सगळ्यांना नवल वाटलं. त्यालाही वाटलं. मोठ्या साहेबांना त्याने तब्येतीचं कारण सांगितलं. थोरल्या भावाला सांगितलं, साहेब छळतात. बायकोला सांगितलं, मला माझं स्वतःचं काहीतरी करायचंय. सांगताना प्रत्येक कारण खरं वाटे आणि सांगून झाल्यावर एकही पटत नसे. मोठे साहेब म्हणजे भला माणूस. "महिनाअखेरपर्यंत तुझी खुर्ची कुणाला देत नाही, मन फिरलं तर गुपचूप येऊन बस," म्हणाले. ही सवलत जी त्याच्या मानगुटीवर बसली ती उतरेचना.

त्याचं ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. पहिल्या आठवड्यात तो चुकून तीनदा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला आणि कुणीतरी तपासायला काही देईल म्हणून समोर बघत राहिला. तिसऱ्या आठवड्यात नाचाच्या बाई आल्या. एका दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा नाचाचा वर्ग होता. दोन खोल्या, मध्ये भिंत, आणि चाळीस मुली दोन्हीकडे वाटलेल्या.

"मी अर्धा वेळ इकडे पळते, अर्धा वेळ तिकडे," बाई म्हणाल्या. "मधली भिंत काढली की मस्त हॉल होतो. गवंडी म्हणतो, इंजिनियरचं पत्र आणा, मग शनिवारी हात लावतो. सोमवारपासून सगळ्या मुलींना एकत्र बोलावलंय. काढता येईल ना?"

"बघावं लागेल," तो म्हणाला. हे उत्तर त्याला फार छान जमे.

त्याने बघितलं, आणि खरं सांगायचं तर फार चांगलं बघितलं. भिंत अर्ध्या विटेची. वरचा बीम एका कॉलमपासून दुसऱ्या कॉलमपर्यंत सलग गेलेला. त्याने भिंतीच्या माथ्यावरचं प्लास्टर खरवडलं, तर भिंत आणि बीम यांच्यामध्ये फट निघाली. लोखंडी पट्टी सहज आत सरकली. म्हणजे भिंत वरचं काहीच पेलत नव्हती, नुसती आडोशाला उभी होती. सळ्या शोधायचं यंत्र बीमवरून फिरवलं, आकडेमोड केली, परत केली. दोन्ही वेळा उत्तर एकच: खुशाल काढा. इथेच त्याचं घोडं अडलं. एखादी चूक सापडली असती तर तो आनंदाने घरी गेला असता. चूक सापडत नाही याचा अर्थ आपण नीट बघितलं नाही, हेच तो एकोणीस वर्षं शिकला होता.

तरी त्याने पत्र लिहिलं, नकाशा काढला, सवयीने कोपऱ्यात तीन चौकटी आखल्या आणि सवयीनेच मधल्या चौकटीत सही ठोकून कागद बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"बाकीच्या दोन सह्या कधी मिळतील?"

"उद्या," तो म्हणाला.

ऑफिसचा जिना उतरून रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की उद्या सही करणारं कुणी या जगात नाही. माणूस किती गोंधळावा याला काही सुमार असतो, पण तो तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला आणि त्याने मोठ्या साहेबांना फोन लावला. आपण केलेल्या कामावर कुणीतरी एक नजर टाकावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

"तू तपासलंयस ना?" साहेब म्हणाले. "मग मी काय बघू? अरे, नकाशावर तुझी सही दिसली की मी डोळे मिटून सही करायचो. इतकी वर्षं तेच तर चाललं होतं."

साहेबांनी हे कौतुकाने सांगितलं. याच्या मात्र पायाखालची पायरी हलली. आपल्यापुढे कुणीतरी डोळे उघडे ठेवून बसलंय या भरवशावर तो रोज नीट झोपला होता. म्हणजे त्या सगळ्या इमारती आपल्याच भरवशावर उभ्या होत्या की काय? आणि हे कळल्यावर छाती फुगायला हवी, तर तो त्या सगळ्या इमारती एकेक करून आठवायला लागला.

घरी बायको ड्यूटीवरून येऊन पाय पसरून बसली होती. ती नर्स, दिवसभर दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन दमलेली.

"तुला काय वाटतं, काढावी का भिंत?" त्याने विचारलं.

"मला विचारतोयस? मला वीट आणि फरशी यातला फरक कळतो, तेवढंच."

"तरी पण."

"तरी पण काय? तुला उत्तर माहीत आहे. ते कुणाच्या तरी गळ्यात मारता येतंय का, एवढंच तू बघतोयस."

तो चिडला, कारण ते खरं होतं. मग टेबलाशी बसून त्याने नकाशाच्या दुसऱ्या प्रतीवर मधल्या सहीबरोबर उरलेल्या दोन्ही चौकटींतही सह्या केल्या. 'काढले'मधली सही इतकी वेडीवाकडी आली की ती दुसऱ्या कुणाची वाटावी. तीच त्याला जरा बरी वाटली. दुसऱ्या दिवशी ती प्रत त्याने बाईंना पोचवली.

शनिवारी महिना संपत होता. सकाळी तो कंपनीत जायचा तो शर्ट घालून निघाला आणि कोपऱ्यावर बराच वेळ उभा राहिला. उजवीकडे कंपनी, डावीकडे नाचाचा वर्ग. पाय डावीकडे वळले ते ठरवून की त्या बाजूला सावली होती म्हणून, हे तो आजही छातीठोक सांगू शकत नाही.

गवंडी घण घेऊन तयारच होता. वरच्या मजल्यावर, बरोबर त्या भिंतीच्या डोक्यावर, एका म्हाताऱ्या शिंप्याची खोली होती. काम सुरू करायच्या आधी लालपेन वर गेला. शिंपीकाका मशीनवर एका पँटची शिलाई मारत होते.

"काका, तासभर खाली येऊन बसता का? खालची भिंत पाडतोय."

"का? जमीन खचणार आहे?"

"नाही."

"नाही म्हणून कोण सांगतंय?"

"मी."

"मग कशाला उठवता? बसा तुम्हीही."

खिडकीतून त्याने खाली गवंड्याला चालू कर म्हणून हाक दिली आणि काकांसमोरच्या स्टुलावर बसला. पहिला घाव बसला तशी टाचण्यांची डबी मशीनवर टणटणली. आपण आपल्या आकडेमोडीवर विश्वास ठेवून इथे बसलोय की नुसतं लाजेकाजेस्तव, हे त्याला कळत नव्हतं. भीती मात्र चांगलीच कळत होती. काका शांतपणे शिवत होते.

"किती भिंती पाडल्यात आजवर?" त्यांनी सहज विचारलं.

"एकही नाही. ही पहिलीच."

मशीन थांबली. काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग फरशीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. खाली घावावर घाव पडत होते.

"तुम्ही उठणार असाल," काका म्हणाले, "तर मला आधी सांगा."

"मी नाही उठत."

काकांनी मशीन पुन्हा सुरू केली. थोड्या वेळाने खाली एकदम मोठा आवाज झाला, खिडकीशी धुळीचा लोट आला, आणि फरशी होती तिथेच राहिली. गवंड्याने खालून दोनदा हाक मारली, भिंत गेली, येऊन तपासून घ्या म्हणून. तो स्टुलावरून उठला नाही.