सरणाचं लाकूड

बकारामच्या घरामागचा जळणाचा ढीग पाहायला जाणारा-येणारा थांबत असे. ऐन वेगळा, धावडा वेगळा, काटक्यांचे भारे वेगळे, आणि वर पळसाच्या पानांचं छप्पर. अर्जुनी मोरगावकडच्या त्या धानाच्या गावात चार एकरांच्या शेतकऱ्यानं दुसरं मिरवायचं तरी काय? माणूस वाईट नव्हता हो. दारू नाही, भांडण नाही, कोणाची चुगली नाही. फक्त हातातून काही सुटायची वेळ आली की बोटं आखडत. दुसऱ्याचा जीव आपल्यासारखाच समजावा, हे त्याला कीर्तनकारानं सांगितलं होतं, बाजारात कापड विकणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यानं सांगितलं होतं, औषध देताना मिशनच्या कंपाउंडरनंही सांगितलं होतं. तिघांपुढेही त्यानं मान डोलावली होती. मान डोलवायला काही खर्च पडत नाही.

गावात एक रिवाज होता. कोणी गेलं की घरटी एक लाकूड सरणाला जाई. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याच्या घरची मात्र काटकीही चालत नसे. आपलं माणूस आपल्यालाच जाळावं लागलं, असं कोणावर येऊ नये म्हणून जुन्या लोकांनी ते ठरवून ठेवलं होतं.

१९५४ च्या श्रावणात तलावाच्या पाळीवर राहणाऱ्या केवळराम ढिवराचा बाप गेला. आठ दिवस झड लागली होती. बकाराम ढिगापाशी गेला, ऐनाचा एक ओंडका उचलला, हातात तोलला आणि परत ठेवला. सांदीत सावरीचं पोचट लाकूड भिजत पडलं होतं. तेच त्यानं खांद्यावर घेतलं.

"हे कायले नेता?" दारातून त्याची बायको शामकला म्हणाली. "कोरडं हाय ना आपल्यापाशी."

"लाकूड म्हंजे लाकूड. एवढ्या लाकडात कोन पाहून राहिलं?"

दुर्दैवानं गावात आणखी दहा जणांनी हाच विचार केला होता. सरण पेटेना. नुसता धूर. केवळराम तणस आणून खाली कोंबत होता, फुंकत होता, मधूनच बापापुढे हात जोडत होता. लोक एकेक करून निघाले. बकारामही निघाला, घरी येऊन आंघोळ केली आणि पोटभर जेवला. त्या दिवशी आपल्याला जेवण गेलं, हे पुढे त्याला फार लागलं.

चार वर्षांनी, भादव्यात, शामकला तीन दिवसांच्या तापानं गेली. बाहेर तसाच पाऊस. मसणात जाताना बकारामला आपला ढीग दिसला, कोरडा ठणठणीत, आणि त्यातलं एकही लाकूड तिच्या कामाचं नव्हतं. बायको तिरडीवर आणि ह्याच्या डोळ्यांपुढे ते सावरीचं लाकूड. त्याला स्वतःची किळस आली. केवळरामनं आज ओलंच आणावं, असं तो मनात म्हणत राहिला. फिटंफाट होईल, मान वर करता येईल.

लाकडं येत होती. काही बरी, बरीचशी दमट. जाणती माणसं एकमेकांकडे पाहू लागली. तेवढ्यात केवळराम आला, खांद्यावर दोन वासे. ते ठेवून गेला आणि आणखी दोन घेऊन आला. वासे धुरानं काळे कुळकुळीत होते. बकारामनं ओळखलं, हे चुलीवरच्या छपराचे. केवळरामच्या रांधणीत आता पाऊस पडत असणार.

त्याला राहवलं नाही. जवळ जाऊन हळूच म्हणाला, "काऊन आणलास बाबा? तुह्या बापाच्या वक्ती मी काय आणलो होतो, तुले मालूम हाय."

"मालूम हाय," केवळराम म्हणाला. वासे नीट रचत होता, वर पाहिलंही नाही. "त्या दिवशी मी इथं कसा उभा होतो, ते माह्यं मलेच मालूम. तसं कोनाले उभं राहा लागू नये." मग शेवटचा वासा सरकवत म्हणाला, "तुमालेही."

त्यात ना टोमणा होता, ना राग. बकारामला राग चालला असता.

सरण पहिल्याच काडीला धरलं. पावसातही जाळ सरळ वर गेला. आणि कधी न रडलेला बकाराम चिखलात मटकन बसून हंबरडा फोडून रडला. गावकऱ्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं. बायकोवर काय जीव होता ह्याचा, असं ते बोलले, आणि गाव ते पुढे कौतुकानं सांगत राहिलं. त्याच्या मुलांनीही तेच सांगितलं.

बकारामनं ते कधी खोडलं नाही. शामकलासाठी रडायचं मात्र त्याच्याकडून राहूनच गेलं.