ताम्हाणे बाईंची शब्दांची यादी

माझे बाबा बहिरे आहेत, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

ते ज्यांनी शोधून काढलं, त्या ताम्हाणे बाई आज सकाळी मुलुंडच्या घरी वारल्या.

तेव्हा गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बाई कानाच्या तपासणीसाठी मराठी शब्दांची यादी करत होत्या. त्यांच्या दवाखान्यात तोवर इंग्रजी शब्द ऐकवायचे. इंग्रजी न येणारा आपोआप बहिरा ठरायचा.

यादी आधी चांगल्या कानाच्या माणसांवर check करायची, म्हणून त्या घाटकोपरला आमच्या चाळीत आल्या.

नियम एकच. एकालाही शब्द अनोळखी वाटला की तो कटाप. चाळीतल्या मालवणच्या परब काकू आणि अकोल्याच्या कांबळे वहिनी, दोघींना कळला पाहिजे. 'तबक' हा बाईंचा लाडका शब्द, तोही त्यांनी हसत खोडला.

बाबांची गिरणी सुटलेली. रिकामेच होते, बसले बाईंसमोर.

पंचवीसपैकी पंचवीस! बाई एकदम खूश.

मी मात्र चार महिने बाबांशी बोलत नव्हते. मला लग्न कुणाशी करायचंय, ते मोरीत कपडे पिळता पिळता मी हिंमत करून सांगितलं होतं. त्यांनी पेपरातून मानसुद्धा वर केली नाही.

दुसऱ्या यादीच्या वेळी बाईंचं पेन पडलं. वाकून उचलताना त्या पुढचा शब्द बोलल्या. बाबा गप्प.

बाईंनी वहीने तोंड झाकलं आणि तोच शब्द परत म्हटला. बाबा गप्पच.

मग म्हणाले, "बाई, वही काढा. माका दिसलाच नाय तर आयकाक कसा येतला?"

तीस वर्षं साचेखात्यात काढलेली. मागांच्या त्या खडखडाटात सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचे. कान कधी गेले, ते त्यांनाही कळलं नव्हतं.

बाईंनी तोवर तपासलेले सगळे गिरणीवाले हिशेबातून काढले. वर्षभराची मेहनत पाण्यात. मी म्हटलं, कुणाला कळणार होतं?

"मला कळलंय ना."

मग पुन्हा पहिल्यापासून, या वेळी शब्द टेपवर भरून. आणि त्या एकेका गिरणीवाल्याला स्वतः दवाखान्यात नेलं. इतका प्रामाणिकपणा मला आजही जमत नाही.

बाईंनी तोंडावर वही धरली, त्याच संध्याकाळी मी बाबांच्या समोर बसले आणि सगळं परत सांगितलं.

ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"ह्यां माका आधी कधी सांगलंस गो?"

बाई, माझे बाबा तुम्ही मला परत दिलेत. शेवटचा नमस्कार.