कासवाच्या मरणाचं कारण

किनाऱ्याला वाहून आलेल्या मेलेल्या कासवांचं पोस्टमॉर्टेम करणाऱ्या माणसाकडे किस्से ढिगाने साठतात. ऐकायला मात्र कोणी नसतं! मी पिंपळवंडीचा, नोकरी कोकणात. आई गेल्यापासून गावाकडे आबा एकटे, इथे मी एकटा. म्हणून रोज संध्याकाळी फोन. आबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज कोण गेलं?"

*

पहिलंच कासव जाळ्यात अडकलेलं. फुप्फुसात पाणी. रिपोर्टमध्ये मी कारण लिहिलं, बुडून मृत्यू. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं, हे आबांना दहा मिनिटं समजावलं.

"बरं," आबा म्हणाले. "उद्या मासा तहानेनं मेला म्हनून लिवू नको म्हंजे झालं!"

*

एकाच्या आतड्यात प्लॅस्टिकची पिशवी निघाली. धुतली तर वर आमच्या गावाशेजारच्या ओतूरमधल्या कापडदुकानाचं नाव! वास जात नव्हता, तरी मी ती पिशवी हातात धरून बसलो. गावाची फार आठवण आली.

"आपली कुकडी नदी तर उगवतीला जाती," आबा म्हणाले. "पिशवी तुज्याकडं आली कशी?"

"सहलीवाले टाकून जातात, आबा."

"आसं व्हय! मंग त्यांना म्हनावं, पिशवी न्या माघारी. आन् जमलं तर पोरगंबी आना!"

मी हसलो. रजेचा विषय पुन्हा राहून गेला.

*

एक जिवंत आलं. न्युमोनिया. एका बाजूला कलून नुसतं तरंगायचं, बुडी मारता येईना.

"जलमभर पान्यात, आन् त्याला सर्दी? ओवा हुंगव त्याला!" म्हणाले आणि आबा स्वतःच खोकत सुटले.

"दवाखान्यात गेलात का?"

"माजं ऱ्हाऊ दे. त्याचं काय झालं सांग."

चौथ्या दिवशी ते गेलं. आबांना मी 'समुद्रात सोडलं' असं सांगितलं.

*

गेल्या महिन्यात फोन सकाळीच आला. "हिरीतलं कासव मेलं. कशानं गेलं, तूच येऊन बघ."

आमच्या विहिरीतलं कासव आजोबांच्या वेळचं. त्याच्यामुळे पाणी चांगलं राहतं, असं घरात मानतात. ग्लोव्हज, चाकू, बाटल्या बॅगेत भरल्या, रजा टाकली आणि एसटी बदलत दिवस मावळायच्या आत पोचलो. आबा विहिरीच्या काठावर बसलेले. मी वाकून बघितलं, तर खाली कासव मजेत पोहत होतं!

"आबा, हे तर जिवंत आहे!"

आबांनी माझ्या बॅगेकडे बघितलं.

"हाय की. पन जित्यासाठी तू कवा येतो?"